श्वास सोडा, मग माप

परतूरच्या स्टँडासमोर अण्णांचं शिलाईचं दुकान.
एक मशीन, एक काचेचं कपाट,
आणि खिळ्याला न नेलेल्या कपड्यांच्या चिठ्ठ्या.
गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहायचं.
अण्णा टेप गळ्यातच ठेवून म्हणायचे,
‘श्वास सोडा, मंग घेतो माप.
फोटो काढायचा नाही मला.’

पहिल्या वर्षी मला रेघ येत नव्हती.
टी-स्क्वेअर खांद्याला अडकवून पॅसेंजरनं जायचे,
टीसीनं विचारलेलं, हे वाजवतात का?
सर म्हणायचे, रेघ मनगटातून नाही, खांद्यातून येते.
मला अण्णांचा खडू आठवला,
तो कापडावर टेकला की ते नुसते चालत जायचे.
मग मीही टेबलाच्या कडेनं चालू लागले.

पाचव्या वर्षी कुणी म्युझियम घेतलं, कुणी विमानतळ.
मी परतूरचा स्टँड.
मे महिन्यात अकरा दिवस पाण्याच्या टाकीखाली बसले.
सावली सरकली की माणसं सरकायची,
आधी पिशव्या, मग लेकरं, मग म्हातारे,
कुणी कुणाला काही न सांगता.
बाकडी रिकामी, तव्यासारखी.
माझी स्टीलची टेप हॉस्टेलवर राहिलेली,
म्हणून सगळं मापलं ते अण्णांच्या टेपनं.

ज्युरीतल्या बाईंनी जुना सर्व्हे काढला.
‘एकशेवीस फुटांचा प्लॅटफॉर्म,
तुझ्याकडे दीड फूट कुठे गेला?’
सावल्यांचं शीट त्यांनी बराच वेळ पाहिलं.
पास केलं. पण मापं पुन्हा घे म्हणाल्या.

घरी येऊन टेप पट्टीशेजारी अंथरली.
साठ इंचांत पाऊण इंच वाढलेली, वीस वर्षं ओढून ओढून.
म्हणजे अण्णा, वीस वर्षं तुम्ही गावाला चुकीचं मापताय.
त्यांनी दातानं दोरा तोडला.
‘कापतो बी त्याच टेपनं.
कुणाची बाही आखूड झाली का?’

मी गप्प बसले. नंतर दोन वर्षं
एका ऑफिसातही गप्पच होते.
मापायचं एकानं, कापायचं भलत्यानं,
मध्ये मी, पार्किंगच्या रेघा आणि दारांचे तक्ते.

कौन्सिलचं पत्र आलं तेव्हा
अण्णांनी चष्मा पुसून नोंदणीचा आकडा वाचला. दोनदा.
‘आता तुझी सही चालती?’
चालते.
‘मंग जपून कर.’

पहिलं काम गयाबाई खरातांचं.
स्टँडमागची खानावळ, पत्रे काढून स्लॅब.
त्या पदर सारखा करून उभ्या राहिल्या.
‘जालन्याच्या हॉटेलासारखं करा. टाइल चमकणारी. पुढं काच.’
मी वही मिटली. म्हटलं, आधी जेवायला वाढा.
तिसरी भाकरी थापताना त्यांचे खांदे खाली आले,
आणि तव्याशीच बोलल्यासारखं,
‘धूर हिकडंच येतो. ह्या डोळ्याला दिसंना झालंय.’

तेव्हा कुठे मी टेप काढली.

पुस्तकात ओटा साडेतेहतीस इंच.
ख्वाजा मिस्त्रींनी माझा प्लॅन आधी उलटा धरला, मग सुलटा,
शिक्क्यावरून अंगठा फिरवला,
आणि खिशातून स्वतःची टेप ओढली.
थांबा, मी म्हटलं, मी मापलं ते हिनं. हीच घ्या.
‘म्याडम, टेप ती टेप असती.’
नसते, म्हणाले. ते हसले, पण घेतली.

संध्याकाळी ओल्या विटांवर गयाबाईंनी परात ठेवली,
पीठ नसताना हात मळून पाहिले.
‘एक थर काढा.’
मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं.
काढा, म्हटलं.
मग तिथंच, सिमेंटच्या पोत्यावर प्लॅन पसरून,
आकडा खोडला, नवा लिहिला,
शेजारी तारीख टाकली आणि सही केली.